जामीनदाराचा जामीनदार : भद्रावतीच्या ‘निप्पॉन’च्या जागेवर वीज प्रकल्प का झाला नाही?

दरवर्षी जानेवारीत दावोसचे फोटो येतात. बाहेर बर्फ, आत निळा पडदा, आणि पडद्यासमोर फाईल धरून उभे असलेले मुख्यमंत्री आणि कुठल्यातरी कंपनीचे मोठे साहेब. फोटोखाली आकडा असतो. २०२५ मध्ये महाराष्ट्राचा हा आकडा पंधरा लाख कोटींच्या वर गेला होता.

पण चंद्रपूरकरांना जास्त लक्षात आहे ते २०२३ चं दावोस. त्या यादीत भद्रावतीचं नाव होतं. न्यू एरा क्लीनटेक नावाची कंपनी तिथं कोळशापासून गॅस तयार करण्याचा २० हजार कोटींचा प्रकल्प उभारणार, असं सांगण्यात आलं. त्याच यादीत मूलसाठी राजुरी स्टीलचं नाव होतं आणि इथंच वादाला तोंड फुटलं. राजुरी म्हटलं की लोकांना जालना आठवतं. जालन्याच्या नावाची कंपनी मूलला कारखाना काढणार आणि त्याचा करार स्वित्झर्लंडला जाऊन करायचा, हे काय गणित आहे, असं विरोधकांनी विचारलं. या कंपन्यांमध्ये परदेशी भांडवल आहे, म्हणून दावोस, असं सरकारचं म्हणणं होतं.

हा वाद चार दिवस टीव्हीवर चालला आणि विरून गेला. भद्रावतीत मात्र लोकांनी वेगळा प्रश्न विचारला. प्रकल्प कुठल्या जागेवर येणार?

उत्तर होतं, निप्पॉनच्या जागेवर.

नागपूरहून चंद्रपूरला येताना वरोरा मागं पडलं की भद्रावती लागतं. बाहेरच्यांना हे गाव जैन मंदिरामुळे किंवा आयुध निर्माणीमुळे माहीत असतं. इथल्या लोकांसाठी आणखी एक खूण आहे. शहराच्या आजूबाजूच्या गावांमधली बाराशे हेक्टरच्या आसपासची जमीन, जी नव्वदच्या दशकात एका वीज प्रकल्पासाठी घेतली गेली. प्रकल्प झाला नाही. तीस वर्षं होत आली, तरी त्या जमिनीला कंपनीच्याच नावानं ओळखतात. लोकांच्या तोंडी तर नाव ‘निप्पॉन डेन्ड्रो’ असं झालंय.

परदेशी गुंतवणूक यावी म्हणून सरकार काय काय देतं, त्यातलं काय कागदावर येतं आणि काय नुसतं तोंडी राहतं, हे समजून घ्यायला या जागेपेक्षा चांगलं उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही.

नाव जपानी, मालक मित्तल, भागीदार फ्रेंच

आधी नावाचा घोळ मिटवू. निप्पॉन डेन्रो म्हटलं की जपानी कंपनी आली आणि पळून गेली असं वाटतं. अनेकांना आजही तसंच वाटतं. पण निप्पॉन डेन्रो इस्पात ही मित्तल कुटुंबाच्या इस्पात समूहाची भारतीय कंपनी होती. नागपूरजवळ कळमेश्वरला तिचा पत्र्याचा कारखाना होता. नावातलं ‘निप्पॉन डेन्रो’ जपानी तांत्रिक सहकार्यातून आलेलं. पुढे तिचं नाव इस्पात इंडस्ट्रीज झालं आणि २०१० मध्ये ती जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यूनं ताब्यात घेतली.

वीज प्रकल्पासाठी या समूहानं वेगळी कंपनी काढली होती, सेंट्रल इंडिया पॉवर कंपनी. खरा परदेशी भागीदार तिच्यात होता. तो म्हणजे ईडीएफ, फ्रान्सची सरकारी वीज कंपनी. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या बातम्यांमध्ये हे नाव तुम्ही नंतर परत वाचलं असेल, तीच ही कंपनी. क्षमता हजार मेगावॉटहून थोडी जास्त. इंधन अर्थातच कोळसा, कारण भद्रावतीत जमिनीखाली दुसरं काय आहे?

आता त्या काळात जाऊ. १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि वीज मंडळांकडे नवीन केंद्रं बांधायला पैसा नव्हता. त्याच वर्षी कायदा बदलून वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. पुढच्या वर्षी परदेशी कंपन्यांना शंभर टक्के मालकीची मुभा मिळाली. केंद्र आपल्या क्षमतेच्या ६८.५ टक्के चाललं तरी भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल, असा हिशेब सरकारनं जाहीर केला. त्याहून जास्त चाललं तर जास्त. मोठे अधिकारी अमेरिका आणि युरोपात जाऊन कंपन्यांना भेटून आले. दावोसच्या फोटोंची सुरुवात तिथून धरली तरी चालेल.

या घाईतून आठ प्रकल्प ‘फास्ट ट्रॅक’ म्हणून निवडले गेले. त्यातले दोन महाराष्ट्रात होते. एक गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प. त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली, निवडणूक लढवली गेली. दुसरा भद्रावती. त्याच्याबद्दल चंद्रपूर जिल्ह्याबाहेर कुणाला विचारून बघा.

हमीवर हमी

परदेशी कंपनीची अडचण साधी होती. वीज विकत घेणारं गिऱ्हाईक एकच, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. आणि या गिऱ्हाइकाची अवस्था अशी की वीज गळते, चोरीला जाते, बिलं थकतात. अशा गिऱ्हाइकाच्या भरवशावर परदेशातल्या बँका कर्ज कशाला देतील?

म्हणून हमीची एक उतरंड रचली गेली. गावातल्या पतसंस्थेचं उदाहरण घेऊ. तुम्ही कर्ज मागायला गेलात की संस्था जामीनदार मागते. समजा जामीनदाराचीही ऐपत कच्ची आहे. मग संस्था म्हणेल, जामीनदाराला जामीनदार आणा. तरी भरवसा नाही? मग पगाराच्या खात्यावरच हात ठेवा, पगार झाला की आधी हप्ता कापला जाईल, उरलं तर घरी न्या.

वीज प्रकल्पात नेमकं हेच झालं. पहिला कागद मंडळ आणि कंपनी यांच्यातला वीज खरेदी करार. त्यात मेख अशी होती की मंडळानं वीज उचलली नाही तरी केंद्र उभं केल्याचा ठरावीक आकार द्यावाच लागणार. दुसरा कागद राज्य सरकारची हमी, मंडळ चुकलं तर आम्ही भरू. तिसरा कागद केंद्र सरकारची प्रतिहमी, राज्य चुकलं तर दिल्ली भरेल. याच प्रतिहमीसाठी फास्ट ट्रॅकच्या यादीत असणं मोलाचं होतं. आणि चौथा कागद एस्क्रो, म्हणजे मंडळाच्या चांगल्या ग्राहकांकडून येणारा पैसा वेगळ्या खात्यात जमा होणार आणि त्यावर पहिला हक्क कंपनीचा. पगारातून कापून घेण्याचाच प्रकार.

परताव्याचा हिशेब डॉलरमध्ये. म्हणजे रुपया घसरला तर भुर्दंड मंडळाचा, शेवटी तुमच्या-माझ्या बिलाचा.

या सगळ्याला सरसकट ‘विकाऊपणा’ म्हणणं मला पटत नाही. त्या वर्षांत देशाची पत खरंच घसरलेली होती आणि पत घसरली की व्याज वाढतं, अटी कडक होतात. पण या चारही कागदांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकात तारीख आहे, रक्कम आहे, चुकल्यास काय होईल आणि भांडण कुठल्या देशात सोडवायचं तेही लिहिलेलं आहे.

दाभोळनं काय केलं

भद्रावतीचं नशीब दाभोळला बांधलेलं होतं, म्हणून जरा कोकणात जाऊन येऊ.

एन्रॉनशी पहिला सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला. वीज खरेदी करार १९९३ च्या डिसेंबरमध्ये. १९९५ ला शिवसेना-भाजप युती ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत सत्तेवर आली आणि ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारनं प्रकल्प रद्द केला. कंपनी थेट लंडनच्या लवादात गेली. काही महिन्यांत फेरवाटाघाटी झाल्या आणि तोच प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. नंतर एका युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला, मंडळाला बिलं झेपेनात, आणि २००१ च्या सुरुवातीला एन्रॉननं थेट दिल्लीच्या प्रतिहमीवर बोट ठेवलं. जामीनदाराच्या जामीनदाराला पहिल्यांदा बोलावणं गेलं. त्या वर्षाच्या मध्यात केंद्र बंद पडलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉनचं दिवाळं वाजलं.

यातला एक धागा फारसा सांगितला जात नाही. एन्रॉन, बेक्टेल, जनरल इलेक्ट्रिक या तिन्ही कंपन्या अमेरिकन. पण दाभोळमधला त्यांचा पैसा कागदावर आला होता मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत. हिंदी महासागरातलं ते एवढंसं बेट. तिथं मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण अमेरिकन कंपन्या काही गणपती बघायला तिथं गेल्या नव्हत्या. भारत आणि मॉरिशसमध्ये ऑगस्ट १९८२ मध्ये कर-करार झाला होता. (गडचिरोली जिल्हाही त्याच महिन्यात चंद्रपूरपासून वेगळा झाला, २६ तारखेला. निव्वळ योगायोग.) या करारामुळे मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून नफा कमावला तर भारतात त्यावर कर लागत नसे. ही सवलत थेट २०१६ च्या दुरुस्तीपर्यंत चालली. याशिवाय दोन्ही देशांमध्ये गुंतवणूक संरक्षणाचा एक करारही होता. दाभोळ बुडाल्यावर बेक्टेल आणि जीई यांनी तोच पुढे करून भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. शेवटी २००५ मध्ये तडजोड होऊन भारतीय सरकारी कंपन्या आणि बँकांनी परदेशी भागीदारांचा हिस्सा विकत घेतला आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला.

म्हणजे गुहागरच्या किनाऱ्यावरच्या भांडणात शेवटचा आधार म्हणून मॉरिशसच्या कागदाचा उपयोग झाला. कंपनीला इतक्या दारांवर टकटक करता येते.

मग भद्रावतीचं काय झालं?

आता परत आपल्याकडे. दाभोळवर सगळ्यांचं लक्ष असताना भद्रावतीचं काम मागून रखडत चाललं होतं. जमीन घेतली गेली, एमआयडीसीच्या यंत्रणेमार्फत. मंजुऱ्यांचे कागद फिरत राहिले. पण परदेशी बँकांकडून कर्ज उभं व्हायचं तर शेवटी एस्क्रो लागणार होता आणि तिथं गाडी अडली. मंडळाच्या चांगल्या ग्राहकांचा पैसा मर्यादित, आणि त्यातला मोठा वाटा दाभोळच्या बिलांनी खाल्लेला. एकच पगार दोन पतसंस्थांना कसा गहाण ठेवणार?

त्याच सुमारास फास्ट ट्रॅकमधले इतरही कंटाळले. अमेरिकेच्या कोजेंट्रिक्सनं १९९९ च्या अखेरीस मंगळूरचा प्रकल्प सोडला. भद्रावतीतून ईडीएफही बाहेर पडली. फ्रेंच भागीदार गेला, प्रकल्प गेला.

कंपन्यांचं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. ईडीएफ आज जगातल्या मोठ्या वीज कंपन्यांपैकी एक आहे. इस्पात इंडस्ट्रीज जेएसडब्ल्यूत विलीन झाली. भद्रावती तालुक्यातला बरांजचा कोळसा पुढे कर्नाटकच्या सरकारी वीज कंपनीला मिळाला, म्हणजे आपल्या गावच्या कोळशावर तिकडे वीज तयार होते. पॉवरग्रिडचं एक मोठं केंद्रही भद्रावतीत आहे, पश्चिम आणि दक्षिण भारताचं वीजजाळं जोडणारं, हजार मेगावॉटचं. वीज गावावरून जाते. गावात ती बनवायची होती, तेवढं राहिलं.

जमिनीचं मात्र काहीच झालं नाही, आणि खरा प्रश्न इथं सुरू होतो.

ज्या शेतकऱ्याचं वावर गेलं, त्याच्या हातात कोणते कागद होते? भूसंपादनाची नोटीस, निवाडा, मोबदल्याची पावती. हे सगळे झालेल्या गोष्टीचे कागद. पुढे होणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे कारखाना उभा राहील, घरातल्या एकाला नोकरी लागेल, गावात दुकानं-हॉटेलं-भाड्याच्या खोल्या चालतील, या सगळ्याचा मिळाला तो शब्द. अमुक तारखेपर्यंत प्रकल्प झाला नाही तर शेतकऱ्याला काय मिळेल, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचंही असंच आहे. सरकारी भरतीत त्याला पाच टक्के आरक्षण आहे, पण ज्या कंपनीसाठी जमीन दिली तिच्यात नोकरी मागायची तर आधी ती कंपनी उभी राहायला हवी.

कंपनीकडे हमी होत्या, तरीही प्रकल्प झाला नाही, मग हमीचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उपयोग हा की ईडीएफला जाता आलं. भागीदारी सोडली, हिशेब केला, विमान पकडलं. जमीन देणाऱ्याला हा पर्याय नसतो. त्याची वस्तू परत मिळत नाही.

का मिळत नाही? लोक मला हे सतत विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते. नव्वदच्या दशकातल्या कायद्यांनुसार, एकदा निवाडा होऊन ताबा गेला की जमीन सर्व हक्कांसह सरकारची होते. ज्या कारणासाठी घेतली ते कारण संपलं तरी मूळ मालकाला ती मागण्याचा हक्क राहत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात यासाठी कलम १०१ आलं. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला परत किंवा सरकारच्या लँड बँकेत. या ‘किंवा’मध्ये बरंच काही गेलं. शिवाय महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून एमआयडीसीसारख्या राज्याच्या काही कायद्यांनी होणारं संपादन या केंद्रीय कायद्याच्या बऱ्याच तरतुदींमधून बाहेर ठेवलं. आणि भद्रावतीची जमीन तर त्याच्या कितीतरी आधी गेलेली.

पण सरकारनं मनात आणलं तर जमीन परत देता येते. गडचिरोलीची हद्द ओलांडून बस्तरमध्ये गेलात तर लोहांडीगुडा लागतं. तिथं टाटा स्टीलच्या कारखान्यासाठी दहा गावांतल्या सतराशेच्या आसपास शेतकऱ्यांची जमीन घेतली होती. कारखाना झाला नाही. २०१९ मध्ये छत्तीसगड सरकारनं ती जमीन शेतकऱ्यांना परत केली. कोर्टाचा आदेश नव्हता, मंत्रिमंडळानं ठरवलं आणि दिली. बंगालमध्ये सिंगूरची जमीन सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानं परत मिळाली, तिथं मात्र कोर्टानं संपादनच बेकायदा ठरवलं होतं.

उलट उदाहरणही आहे. दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीनं २००५ मध्ये ओडिशाशी ५२ हजार कोटींच्या पोलाद प्रकल्पाचा करार केला. तेव्हाची ती देशातली सर्वात मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजली. गावकऱ्यांचा विरोध, जंगलाच्या परवानग्या आणि खाणीचा प्रश्न यात बारा वर्षं गेली आणि २०१७ मध्ये पोस्को निघून गेली. जमीन शेतकऱ्यांकडे आली नाही. ती जेएसडब्ल्यूकडे गेली.

गडचिरोलीत गणित वेगळं आहे

आता कुणी म्हणेल, पुढचे मोठे करार तर गडचिरोलीचे आहेत, भद्रावतीची जुनी रड कशाला? २०२५ च्या दावोसमध्ये कल्याणी समूह आणि जेएसडब्ल्यू, दोघांच्याही करारात गडचिरोली होती. सूरजागडचं लोखंड आहे, कोनसरीला लॉयड्स मेटल्सचा कारखाना उभा राहिला आहे. बाहेरचा पैसा येणार तर तो आता तिकडे.

परदेशी कंपनीच्या दृष्टीनं दिल्लीचं दार आज जवळजवळ उघडं आहे. धातूंच्या खाणीत शंभर टक्के परदेशी गुंतवणूक सरकारला आधी न विचारता करता येते. कोळशातही २०१९ पासून. शेजारी देशांमधून, म्हणजे मुख्यतः चीनमधून, येणाऱ्या पैशाला २०२० पासून आधी परवानगी लागते, तेवढा अपवाद. मुंबईचं दारही उघडं आहे. परवानग्यांसाठी ‘मैत्री’ नावाची एक खिडकी आहे आणि नक्षलग्रस्त आणि उद्योग नसलेल्या जिल्ह्यांसाठी करसवलतीचं प्रोत्साहन जास्त आहे.

पण एटापल्लीत, भामरागडमध्ये, धानोऱ्यात तिसरं एक दार आहे, जे भद्रावतीत नव्हतं. हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. (चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडचा काही भागच त्यात आहे.) इथं आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहज विकत घेता येत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक केला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तर जंगलावरचा सामूहिक हक्कच गावाच्या नावावर केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये तो मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. सुमारे अठराशे हेक्टर जंगल. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा तोपर्यंत घोषणाच होती, नंतर तिच्यामागे कागद आला.

या कागदाचं वजन किती असू शकतं ते ओडिशाच्या नियमगिरीत दिसलं. लंडनच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या वेदांता समूहाला तिथल्या डोंगरातलं बॉक्साइट हवं होतं. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही ‘नाही’ म्हणाल्या. खाण झाली नाही.

सूरजागडला मात्र हाच कायदा असून वेगळं घडलं. लॉयड्सला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. परिसरातल्या ग्रामसभांचा विरोध होता, कारण हा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा आहे आणि दर जानेवारीत तिथं यात्रा भरते. त्यात माओवाद्यांची बंदूक आली. २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या झाली, डिसेंबर २०१६ मध्ये पंचाहत्तरहून जास्त वाहनं जाळली गेली. बंदुकीमुळे झालं काय, तर ग्रामसभेचा सनदशीर ‘नाही’ आणि नक्षलवाद्यांचा ‘नाही’ सरकारी नजरेत एकाच फाईलमध्ये गेला. हे गावांचं मोठं नुकसान झालं असं मला वाटतं. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढीचा प्रस्ताव आला, तेव्हा २०२२ ची जनसुनावणी झाली गडचिरोली शहरात. खाणीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. हेडरी-गट्ट्याकडच्या माणसाला तिथं यायचं तर मजुरीचा दिवस आणि गाडीभाडं, दोन्ही खिशातून.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस कोनसरीला आले तेव्हा कामगारांना कंपनीच्या शेअर्सची प्रमाणपत्रं दिली गेली, त्यात आत्मसमर्पण केलेले काही माजी नक्षलवादीही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदूक मागं हटली आहे. रस्ते झाले, ज्या गावांत कधी एसटी गेली नव्हती तिथं ती गेली. आणि कामगाराच्या हातात शेअरचा कागद येणं ही छोटी गोष्ट नाही. फक्त एवढंच की शेअर मिळतो कंपनीत काम करणाऱ्याला. डोंगराच्या पायथ्याशी राहणारा आणि कंपनीत नसलेला माणूस अजूनही ग्रामसभेच्या ठरावावरच उभा आहे.

भद्रावतीत सध्या काय चाललंय

दावोसच्या त्या करारानंतर निप्पॉनच्या जागेला पुन्हा भाव आला. न्यू एरासोबत ग्रेटा एनर्जी या आणखी एका कंपनीचं नाव या जागेसाठी पुढे आलं. शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. यातले बहुतेक जण प्रकल्पाच्या विरोधात नाहीत, हे बाहेरच्यांना आश्चर्याचं वाटतं. त्यांना कारखाना हवाच आहे. तीस वर्षं ते त्याचीच वाट बघतायत.

त्यांचं म्हणणं हिशेबाचं आहे. जमीन घेतली तेव्हाच्या भावानं मोबदला मिळाला. ती ज्या प्रकल्पासाठी घेतली तो प्रकल्प झाला नाही. आता तीच जमीन नव्या कंपनीला, नव्या कामासाठी मिळणार, तर मधल्या काळात वाढलेल्या किमतीत आमचा वाटा किती? सरकारी उत्तर कायद्याच्या भाषेत येतं. जमीन तुमची राहिलेली नाही, त्यामुळे नव्या व्यवहारात तुम्ही पक्षकार नाही. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर आहे. पण मग नोकरी मागायची कुणाकडे? शब्द दिला होता जुन्या कंपनीनं, आणि नवी कंपनी म्हणू शकते की आम्ही तुमच्याकडून काही घेतलंच नाही, आम्ही एमआयडीसीकडून घेतलं.

संपादनाच्या वेळी ज्यांची मुलं पाळण्यात होती, त्यांची मुलं आता मोठी झाली आहेत. त्यामुळे आता नोकरीची मागणी नातवंडांच्या नावानं होऊ लागली आहे. वाढीव मोबदला, घरटी एक नोकरी आणि या दोन्हींची लेखी हमी, ताबा जाण्याआधी. शेतकऱ्यांच्या मागणीत यावेळी ‘लेखी’ या शब्दावर जोर आहे.